टपावर की बंपरवर? जादा दिव्यांच्या वादाची पार्श्वभूमी

डोंगरात, चिखलात गाडी घालणाऱ्याला जादा दिवे लागतात, यावर कुणाचं दुमत नाही. ते बसवायचे कुठे, यावर मात्र दर पावसाळ्यात नव्याने जुंपते. एक गट टपावर लांबलचक एलईडी बार लावून मोकळा होतो, दुसरा बंपर सोडून वर चढायला तयार नसतो. हल्ली बॉनेटच्या बिजागरीपाशी ब्रॅकेट ठोकणारा तिसरा गटही तयार झालाय. वाद वरवर हौसेचा वाटतो, पण त्यामागे नियम आहेत, जुन्या सवयी आहेत आणि थोडं पदार्थविज्ञानही आहे.

फार मागे जायचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची वीज 6 व्होल्टची. हेडलाइट बिजागरीवर असल्यामुळे ते मागे उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येई, म्हणजे वेगळ्या दिव्याची गरज तिथेच भागत असे. डाव्या मडगार्डवरचा छोटा दिवाही लांबचं दिसावं म्हणून नव्हता. ब्लॅकआउटमध्ये शत्रूला न दिसता समोरची जवळची वाट तेवढी दिसावी, एवढ्यासाठी तो होता.

खरी चढाओढ युरोपातल्या मोटार रॅलींनी लावली. 1962 मध्ये गाड्यांसाठी हॅलोजन बल्ब आला आणि ग्रिलसमोर दिव्यांच्या रांगा लागल्या. 1966 च्या माँटे कार्लो रॅलीत पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी गाड्या त्यांच्या दिव्यांवरून बाद झाल्या. त्यांच्या हेडलाइटमध्ये एकाच फिलामेंटचा बल्ब होता आणि डिपरचं, म्हणजे खाली वळवलेल्या झोताचं काम जादा दिव्यांकडे दिलं होतं. म्हणजे जादा दिव्याने काय काम करायचं हा तंटाही आजचा नाही. त्या काळातल्या बऱ्याच रॅलीच्या गाड्यांची बॉनेटं मॅट काळी दिसतात, त्यात फॅशनचा भाग थोडा. चकचकीत पत्र्यावरून परतलेला उजेड थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. टपावरचा बार बॉनेटवर सांडतो तेव्हा आपल्याकडेही हेच होतं, आणि मग काळी फिल्म शोधत पुण्याच्या नाना पेठेत फेरी होते.

आपल्याकडे जीप, महिंद्राची एमएम 540 आणि पुढे मारुतीची जिप्सी यांच्या काळात दिव्यांची जागा जवळजवळ ठरलेली होती: बुलगार्डच्या, म्हणजे बंपरसमोरच्या लोखंडी चौकटीच्या आडव्या पाइपवर दोन गोल दिवे. 55 वॉटचे दोन म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर. कुणी 100 वॉटचे बल्ब घातले की आकडा 17 च्या घरात जाई, आणि रिले (जास्त करंट सोसणारा मधला स्विच) न लावता थेट डॅशबोर्डच्या बटणावर जोडलेली वायर वितळे. या जागेचे तोटेही सगळ्यांना माहीत होते. मोठे दिवे ग्रिलसमोर आले की रेडिएटरचा वारा अडतो आणि घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो. ओढ्यात गाडी घातली की तापलेल्या काचेवर गार पाणी बसून काच तडकते, म्हणून जाणते ड्रायव्हर पाण्यात उतरण्याआधी दिवे बंद करून थोडं थांबत. पाइप पातळ असेल तर खडबडीत वाटेवर झोत नाचतो तो वेगळाच. एवढं असूनही दिवे तिथेच राहिले, कारण खालून उजेड चांगला पडतो.

टपाचं वेड एलईडीबरोबर आलं. दिवा चपटा झाला, वीज कमी खाऊ लागला आणि ऑनलाइन स्वस्तात मिळू लागला. 2014 पासून गोव्यात पावसाळी ऑफरोड स्पर्धा भरू लागली आणि बार लावलेल्या गाड्यांचे फोटो सगळीकडे फिरले. स्पर्धेची वाट इतर वाहतुकीला बंद असते, समोरून एसटी येत नाही, हे फोटोत कुठे दिसणार?

सगळ्यात जास्त घोळ नियमांचा आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 111 म्हणतो की गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायचा नाही. अपवाद म्हणून लावायचा तर नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. जीपवरचा सर्चलाइट म्हटला की आपल्याकडे आधी शिकारच आठवते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, शिकारीचे दिवस सरले, पण दिव्याकडे संशयाने बघणं सरलं नाही. टपवाले यावर सांगतात, ‘आमचा बार लांब अरुंद झोताचा स्पॉट नाही, रुंद पसरणारा फ्लड आहे, शिवाय तो पुढे नाही, वर आहे.’ ही पळवाट नियम 106 पाशी बंद होते, असं माझं मत. तो नियम दिव्याच्या नावाकडे बघतच नाही. दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला झोत दिपवता कामा नये, इतका तो कायमचा खाली वळवलेला हवा.

आता थारचं उदाहरण घ्या. टप सुमारे 1.85 मीटरवर, त्यावरचा बार 1.9 वर. 8 मीटरमध्ये झोताची वरची कड दीड मीटरखाली आणायची तर ती 40 सेंटिमीटर उतरली पाहिजे, म्हणजे 20 ला 1 असा उतार. याच उताराने ती कड जमिनीला टेकते 38 मीटरवर. तेवढ्या अंतरात तर मूळच्या डिपरचाही बऱ्यापैकी उजेड असतो! लांबचं दिसावं म्हणून बार वर चढवला आणि नियम पाळायला लांबचंच कापलं. बंपरवरच्या 70 सेंटिमीटर उंचीच्या दिव्याची वरची कड जमिनीला समांतर ठेवली तरी सपाट रस्त्यावर ती डोळ्याच्या उंचीला पोचत नाही. घाटातल्या चढाचा मात्र हा नियम विचारच करत नाही, तिथे खालून वर येणारा कुठलाही झोत समोरच्याला आंधळा करतो.

धुक्याचा हिशोब त्याहून सोपा आहे. थेंबांवरून उजेड परततो आणि दिवा नजरेच्या जितका जवळ, तितका तो जास्त डोळ्यांत येतो. टपावरचा बार डोळ्यापासून हातभरच वर. जुलैत आंबोलीत किंवा ताम्हिणीत तो लावून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहते. खालच्या दिव्याने खड्ड्याला आणि दगडाला लांब सावली पडते, म्हणून ते कळतात. वरून उजेड टाकला की सावली आखडते आणि वाट उगाच सपाट भासते. टपाच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की उंच गवतात, किंवा दगडांवरून रांगत जाताना दगडापलीकडचं बघायला तो बरा.

डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅश गार्डवर, म्हणजे याच बुलगार्डवर, कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायद्याच्या, गाडीत बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या कलम 52 चा, कारण पादचाऱ्यांना होणाऱ्या दुखापती आणि एअरबॅगच्या कामात येणारा अडथळा. निर्णय सुरक्षेचा होता आणि बरोबरच होता, पण दिव्यांची सगळ्यात चांगली जागा त्यात गेली. बंपरवाल्यांपैकी बरेच जण नाइलाजाने टपावर चढले ते तेव्हा. पुढे जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत. दिव्यांचं नाव त्यात घेतलं नव्हतं, तरी आरटीओच्या तोंडी कलम 52 तेव्हापासून जास्त येऊ लागलं.

आता नव्या गाड्यांत बंपरची जागाही आकसतेय. नाकावर रडार, कडेला पार्किंग सेन्सर, मध्ये नंबरप्लेट, आणि यातलं काहीच झाकून चालत नाही. म्हणून बिजागरीपाशी, काचेच्या खांबाला लागून दोन छोटे दिवे बाहेरच्या अंगाला वळवून लावायची पद्धत रुजतेय. वळणाच्या आतली कड आणि चर त्यांनी छान दिसतात, मात्र बॉनेटवरची तिरीप आलीच. टपवाल्यांनी आपल्यापुरता तोडगा काढलाय. बारची वायर प्लगवर घ्यायची, पासिंगच्या आदल्या दिवशी चार बोल्ट खोलून बार घरी ठेवायचा, आणि शिक्का पडला की पुन्हा चढवायचा.