नरवाईचा धूर आणि इंदूरची खतपद्धत

मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूरकडच्या शेतांत कापणी-मळणीच्या कंबाईन यंत्राने मागे ठेवलेली नरवाई, म्हणजे गव्हाची खुंटं आणि काडी, पेटते. ती कुजवून जमिनीला परत देण्याची शास्त्रशुद्ध पद्धत याच इंदुरात बसवली गेली. आपल्या इथल्या मराठी घरांतही हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, याची मला खंत वाटते.

होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही शेतीसंशोधन संस्था उभी केली. मुख्य पीक कापूस, आणि अडचण पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणाऱ्या झाडांच्या काड्यांची. ती इतकी चिवट की कुजायचं नाव घेत नाही. म्हणून ती शेतातल्या रस्त्यांवर पसरली, बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडली, मग बैलांखाली अंथरली. मूत मुरलेली ती काडी, शेण, गोठ्यातली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचायचे, तीनदा पालटायचे; साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. वाड संस्थेत रसायनशास्त्राचं काम पाहत. जगभर नाव हॉवर्ड यांचं झालं. वाडांचं नावही तितक्याच आदराने घ्यायला हवं.

शेण-मुताचा आग्रह नत्रासाठी होता. गव्हाच्या काडीत नत्राच्या सुमारे ८० पट कार्बन असतो. कोरडी काडी तशीच गाडली तर ती कुजवणारे जीवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पुढचं पीक काही आठवडे पिवळं पडतं. शेतकऱ्याची धास्ती खरी आहे. पण जाळलं तर काडीतलं बहुतेक नत्र आणि जवळपास सगळा कार्बन हवेत जातो. सेंद्रिय अंश घटत गेला की काळी माती लवकर दबून घट्ट होते, पाणी कमी मुरतं.

पंजाबात भात निघाल्यावर गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. आपल्या इंदूरच्या माळव्यात तशी घाई नसते; गव्हानंतर सोयाबीन जूनअखेर पेरतात, तेही आपल्या मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवणारं, म्हणून काडी रानातच राहिली तरी त्याला फारशी झळ बसत नाही. खरी घाई उन्हाळी मूग घेणाऱ्याला. त्याला आठवड्याभरात रान मोकळं हवं असतं. काडी बारीक करून मातीत मिसळत त्याच फेरीत पेरणारं सुपर सीडर यंत्र आधी त्याला परवडेल अशा भाड्याने मिळायला हवं.