अभिजात इटालियन स्पोर्ट्स कार : परीक्षण व मूल्यनिर्धारण

साधारणतः १९५० ते १९९० या काळात इटलीत तयार झालेल्या फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती, आल्फा रोमिओ, लान्चा, दे तोमासो इ. कंपन्यांच्या वापरलेल्या स्पोर्ट्स कारची अवस्था, अस्सलपणा व कागदपत्रे पारखून त्यांची वाजवी किंमत ठरविण्याची पद्धत. सर्वसाधारण सेकंड हँड मोटारीची किंमत वयाबरोबर उतरत जाते. या गाड्यांना तो नियम लागू पडत नाही; एकाच वर्षी बनलेल्या, एकाच रंगाच्या आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या किमतीत दुपटीहून जास्त अंतर पडू शकते आणि ते अंतर वरवरच्या चकाकीवरून कळत नाही. परीक्षणात पत्रा व कागद आधी आणि इंजिन नंतर, हा क्रम पाळणे हिताचे असते. यंत्रातला बिघाड पैसे खर्चून दूर होतो, पण कुजलेला सांगाडा मूळचा राहत नाही आणि इतिहासात पडलेला खंड कोणत्याही गॅरेजमध्ये भरून निघत नाही.

या गाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू गंज हा आहे. त्या काळी पत्र्यावर गंजरोधक प्रक्रिया जेमतेमच होत असे, महागड्या गाड्यांच्या बॉडी लहान कारखान्यांतून बऱ्याच अंशी हाताने घडविल्या जात आणि दोन पत्र्यांमधल्या पोकळीत रंग नीट पोचत नसे. १९७२ मध्ये आलेल्या लान्चा बीटा या गाडीला ब्रिटनमध्ये इतका गंज चढला की, १९८० च्या सुमारास कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या, आणि तिथल्या बाजारातील लान्चाचे नाव त्यातून कधीच सावरले नाही. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा उत्तर युरोपातील किंवा अमेरिकेच्या ईशान्येकडील गाडीपेक्षा कॅलिफोर्नियात किंवा दक्षिण इटलीत आयुष्य काढलेल्या गाडीला म्हणूनच अधिक मागणी असते.

फेरारीने १९६९ ते १९७४ या काळात बनविलेली डीनो २४६ ही गाडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या जीटी आणि जीटीएस या दोन्ही प्रकारांत मिळून सुमारे ३,५०० गाड्या तयार झाल्या. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर पोलादी पत्रा चढविलेला असल्यामुळे नळी आणि पत्रा यांच्या फटीत पाणी साचते आणि गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसू लागेपर्यंत आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. म्हणून परीक्षक गाडी लिफ्टवर घेतो, दारांचा खालचा काठ आणि दारांखालची पोकळ चौकट चाचपतो, चाकांच्या कमानींच्या आतून हात फिरवितो आणि पुढच्या कप्प्यातील जादा चाक काढून त्याखालचा तळ पाहतो. त्यानंतर रंगाची जाडी मोजणारे यंत्र पत्र्यावर वीतभर अंतराने टेकवीत संपूर्ण गाडी मोजली जाते. निव्वळ रंगाचे थर काहीशे मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मावतात. तोच आकडा एखाद्या ठिकाणी हजाराच्या वर गेला, तर रंगाखाली पुट्टी भरलेली आहे असे समजावे. हे यंत्र नसले, तरी मऊ कापडात गुंडाळलेला साधा लोहचुंबक पुष्कळ काही सांगतो. ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास यांवर मात्र तो चालत नाही. फेरारी ३०८ जीटीबी १९७५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिची बॉडी फायबरग्लासची होती. अशा सुमारे ७०० गाड्या बनल्यानंतर १९७७ मध्ये पोलादी पत्रा आला. फायबरग्लासची बॉडी गंजत नाही, तिचे वजन कमी आहे आणि संख्याही थोडी आहे, त्यामुळे तिला नंतरच्या गाडीपेक्षा ठळकपणे जास्त किंमत मिळते. परंतु तिच्या आतला सांगाडा पोलादीच असतो, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते.

यंत्राची तपासणी थंड इंजिनापासून सुरू करावी. विक्रेत्याने आधीच गाडी चालवून गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे योग्य, कारण सुरू होताना निघणारा निळसर धूर, इंजिनातील कॅमशाफ्टच्या साखळीचा खडखडाट आणि वंगणाच्या दाबाचे वर्तन ही लक्षणे त्या पहिल्या दोन मिनिटांतच दिसतात. जुन्या फेरारीत गिअरबॉक्समधले तेल गरम होईपर्यंत दुसरा गिअर अडखळत पडतो. तो दोष नव्हे. गरम झाल्यावरही तो अडत असेल, तर सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळविणारा भाग, झिजलेला आहे. आल्फा रोमिओच्या गिउलिया मालिकेतही दुसऱ्या गिअरचा सिंक्रोमेशच आधी झिजतो. तिचे दोन कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) ॲल्युमिनियम इंजिन नीट राखल्यास दीर्घकाळ टिकते, मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा व त्यावरचे डोके यांमधली सीलपट्टी, हा त्याचा हळवा भाग असल्यामुळे रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहावे लागते.

इंजिनाची खरी अवस्था गळती चाचणीतून कळते. प्रत्येक सिलिंडरमधील दट्ट्या (पिस्टन) वरच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाखाली हवा सोडतात आणि किती टक्के दाब घटला याची नोंद करतात. हवा कोठून निसटते हे कानांनी ओळखता येते. कार्बोरेटरमधून फुसफुस ऐकू आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणि तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंगा दोषी असतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट गेलेले असते. बारा सिलिंडरच्या इंजिनात एकच सिलिंडर इतरांहून फार वेगळा निघाला, तरी किमतीची बोलणी नव्याने सुरू करावी.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, बदलल्याच्या बिलाची तारीख विचारल्याशिवाय १९७० नंतरच्या बहुतेक फेरारींच्या किमतीची चर्चा करणे व्यर्थ आहे. ३०८ मधील हा पट्टा तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होते. तो केवळ किलोमीटरवर नव्हे, तर वर्षांवरही बदलायचा असतो. टेस्टारोसा आणि एफ ३५५ या मॉडेलांत याच कामासाठी संपूर्ण इंजिन खाली उतरवावे लागते, त्यामुळे हे काम थकलेले असेल तर तेवढी रक्कम मागितलेल्या किमतीतून सरळ वजा धरावी. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली, थोडीच चाललेली गाडी म्हणजे उत्तम गाडी, हा समज नुकसानकारक आहे. न चाललेल्या गाडीत रबरी सील वाळतात, ब्रेकची कॅलिपर जाम होतात आणि टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो. नियमित चाललेली आणि प्रत्येक कामाचे बिल असलेली गाडी तिच्यापेक्षा श्रेष्ठ होय.

ओळखपरीक्षेत चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि बॉडीवरील क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का, हे पाहतात. फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग आणि २०१५ मध्ये स्थापन झालेला लॅम्बोर्गिनीचा ‘पोलो स्तोरिको’ विभाग अशी पडताळणी करून प्रमाणपत्र देतात. आल्फा रोमिओच्या नोंदी आरेझे येथील संग्रहालयाजवळच्या दस्तऐवज केंद्रात आहेत. इटलीत १९२७ पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाहन नोंदवहीतून गाडीच्या मालकांचा कालक्रमानुसार उतारा मिळतो, आणि काळ्या रंगाच्या मूळ नंबरप्लेट अजून अंगावर असलेली गाडी इटालियन ग्राहक आवर्जून शोधतो. मूळ हत्यारांची पिशवी आणि मालकाची पुस्तिका यांनाही लक्षणीय मोल आहे.

ही दक्षता अनाठायी नाही. फेरारी ३६५ जीटीबी/४ म्हणजेच ‘डेटोना’ या गाडीचे उघडे रूप कारखान्याने सव्वाशेच्या आतबाहेरच बनविले आणि ते बंद छताच्या गाडीपेक्षा कितीतरी महाग आहे; त्यामुळे १९७० आणि १९८० च्या दशकांत अनेक बंद गाड्यांची छते कापण्यात आली. काही कामे इतकी सफाईदार आहेत की, चॅसिस नंबराखेरीज फरक सांगता येत नाही. याहून क्लेशदायक प्रकार २५० जीटीई या चार आसनी फेरारीच्या वाट्याला आला. ती दीर्घकाळ स्वस्त होती आणि तिच्यात तीन लिटरचे अस्सल व्ही-१२ (बारा सिलिंडरचे) इंजिन होते, म्हणून २५० जीटीओ या अतिशय दुर्मीळ व महागड्या शर्यतीच्या फेरारीच्या नकला बनविण्यासाठी अनेक जीटीई मोडण्यात आल्या. यामागचे अर्थकारण आजही बदललेले नाही. व्ही-१२ इंजिन उघडून बांधण्याचा खर्च गाडी स्वस्त आहे म्हणून कमी होत नाही. परिणामी स्वस्त मॉडेलाची देखभाल टळत जाते आणि सर्वांत कमी किमतीला घेतलेली गाडीच पुष्कळदा सर्वांत महाग पडते.

पूर्वी संपूर्ण नव्यासारखी केलेली गाडी सर्वोत्तम मानली जाई. गेल्या काही दशकांत हा कल पालटला असून मूळ रंग, मूळ चामडे आणि वयाच्या खुणा जपलेल्या गाडीला अधिक भाव येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिस येथील लिलावात, फ्रान्समधील एका शेडमध्ये अनेक दशके धूळ खात पडलेली २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर १ कोटी ६२ लाख ८८ हजार युरोंना विकली गेली. २०१७ मध्ये जपानमध्ये सापडलेली ॲल्युमिनियम बॉडीची डेटोना धुळीसकट लिलावात ठेवण्यात आली आणि तिला १८ लाख युरोंहून अधिक रक्कम मिळाली. अर्थात अशी किंमत दुर्मीळ गाड्यांनाच मिळते. हजारोंनी बनलेली आल्फा स्पायडर धुळीत सापडली, तर धूळ ही धूळच ठरते.

किमतीचा आधार म्हणून लिलावांचे निकाल आणि दरपुस्तिका वापरतात. अमेरिकेतील हॅगर्टी या विमा कंपनीच्या दरपुस्तिकेत गाडीची अवस्था चार श्रेणींत मांडलेली असते : प्रदर्शनयोग्य, उत्कृष्ट, चांगली व बरी. विक्रेता आपली गाडी दुसऱ्या श्रेणीची म्हणून मांडतो आणि ती बहुधा तिसऱ्या श्रेणीची निघते. लिलावाचा आकडा वाचताना त्यात ग्राहकाने द्यायचे कमिशन धरलेले आहे का, हे तपासावे, कारण हातोडा पडतो ती रक्कम आणि जाहीर होणारी रक्कम यांत दहा टक्के किंवा त्याहून अधिक फरक असतो. दोन हट्टी खरेदीदारांनी चढविलेल्या एका बोलीला बाजारभाव समजू नये. मॉडेलांतले बारकावेही किमतीत उतरतात. ३०८ च्या कार्बोरेटर असलेल्या युरोपीय आवृत्तीची शक्ती २५५ अश्वशक्ती होती, १९८० च्या इंधन-इंजेक्शन आवृत्तीत ती २१४ पर्यंत घसरली, आणि हीच दुसरी आवृत्ती आजही सर्वांत स्वस्त आहे. इटलीतील मिल्ले मिल्या ही मूळ रस्ता-शर्यत १९२७ ते १९५७ या काळात भरत असे. तीत भाग घेतलेल्या मॉडेलांना आजच्या स्मृतिफेरीत प्रवेश मिळू शकत असल्यामुळे त्यांची मागणी वेगळ्याच पातळीवर असते.

बाजार खालीही येतो. १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यावर सट्टेबाजीने भाव आभाळाला भिडले आणि १९९० नंतर ते कोसळले; कर्ज काढून गाड्या घेतलेले अनेकजण त्यात बुडाले. शिखरावरच्या गाड्या पुढे सावरल्या : १९६२ ते १९६४ मध्ये बनलेल्या २५० जीटीओंपैकी एक २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरांना आणि दुसरी २०२३ मध्ये ५ कोटी १७ लाख डॉलरांना लिलावात गेली. मधल्या फळीतील गाड्यांना मात्र जुना भाव परत मिळण्यास वर्षानुवर्षे लागली.

भारतात या गाड्या फार विरळ आहेत. आयात धोरणात दीर्घकाळ १९५० पूर्वीच्या वाहनांनाच व्हिंटेज म्हणून सवलत होती आणि फेरारीच्या नावाची पहिली गाडीच १९४७ ची असल्यामुळे वर उल्लेखिलेली जवळजवळ सर्व मॉडेले त्या सवलतीबाहेर राहिली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हीए’ या अक्षरांच्या स्वतंत्र मालिकेत नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेल्या वाहनास ही नोंदणी मिळत नाही.