संकलनाच्या फाइलमधून शेवटच्या नोंदी का गळतात?

(आमचा संकलन प्रोग्राम वापरणाऱ्या दूध केंद्रांच्या सचिवांसाठी)

सकाळच्या पाळीला २३० जणांनी दूध घातलं, सगळ्यांना पावत्या निघाल्या. पण दूध संघाला पाठवायच्या टेक्स्ट फाइलमध्ये नोंदी भरल्या २१५ आणि खाली एक अर्धवट ओळ. काटा ठीक, फॅट मशीन ठीक. मग बाकीचे उत्पादक गेले कुठे?

प्रत्येकाचं दूध आपण वेगळं गाडीत चढवत नाही. कॅनमध्ये ओततो, कॅन भरला की तो चढतो. नोंदींचंही तसंच. प्रोग्राम त्या आधी मेमरीतल्या एका छोट्या जागेत जमा करतो. तिला बफर म्हणतात. आमच्या जुन्या आवृत्तीत तो ४०९६ बाइटचा, म्हणजे ४०९६ अक्षरं मावतील एवढा आहे. भरला की डिस्कवर उतरतो. शेवटचा अर्धा भरलेला बफर मात्र फाइल रीतसर बंद झाली तरच उतरतो. त्याआधी लाइट गेली किंवा कुणी टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद केला, तर तेवढ्या नोंदी गेल्या.

हिशेब करून बघा. ‘०१४७,४.५०,३.८,८.५’ या ओळीत उत्पादकाचा कोड, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मिळून १७ अक्षरं आहेत. ओळ संपल्याच्या खुणेचे दोन बाइट धरून १९. अशा २१५ ओळींचे ४०८५ बाइट झाले. उरले ११, आणि तेवढ्यात २१६व्या उत्पादकाची ओळ अशी तुटते: ‘०२१६,४.५०,३’.

आम्हाला खरी काळजी या ओळीची वाटते. गळालेली नोंद निदान लक्षात तरी येते. हिच्यातला ३ हा आकडा मात्र पुरा वाटतो, आणि ३.८ फॅटचं दूध ३ फॅटचं म्हणून वाचलं जातं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. तुटलेली शेवटची ओळ अंदाजाने पुरी करू नका. पावतीच्या स्थळप्रतीवरूनच भरा.

बफरचाच दोष आहे का, हे ओळखणं सोपं आहे. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘साइझ’समोरचे बाइट बघा. आकडा नेमका ४०९६, ८१९२ किंवा १२२८८ असेल, तर कारण हेच. त्याच्या खालचा ‘साइझ ऑन डिस्क’ बघू नका. तो बहुतेक संगणकांवर नेहमीच ४०९६च्या पटीत दिसतो आणि फसवतो.

आकडा पटीत नसेल तर पाळी चालू असताना फाइल एक्सेलमध्ये उघडी होती का, ते आठवा. एक्सेल फाइल अडवून ठेवतं, प्रोग्रामला तिच्यात लिहिता येत नाही. नुसतं बघायचं असेल तर नोटपॅड वापरा. पेनड्राइव्हवर कॉपी केली असेल तर इजेक्ट न करता ओढून काढू नका. मूळ फाइल पुरी असूनही संघाकडे तुटकी पोचते.

नव्या आवृत्तीत आम्ही प्रत्येक नोंद त्याच क्षणी डिस्कवर उतरवतो आणि पाळीच्या शेवटी एकूण नोंदींची एक ओळ घालतो. ती ओळ नसेल तर फाइल अपुरी आहे, संघाला पाठवू नका. जुन्या आवृत्तीतली ही उणीव आमचीच होती, म्हणून बदल विनामूल्य करून देतो. तोवर रोज ‘पाळी बंद’ हे बटण दाबल्याशिवाय संगणक बंद करू नका आणि संगणकाला यूपीएस असू द्या.

आम्हाला तपासायला फाइल पाठवाल तेव्हा आहे तशी पाठवा. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ०१४७चं १४७ होतं, ४.५०चं ४.५ होतं, आणि मग बाइट मोजून काही सापडत नाही.