नेब्रास्कात हरल्याचं खापर कोचवरच का फुटतं?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. लिंकनच्या विद्यापीठाचा संघ हाच सगळ्या राज्याचा संघ, आणि मेमोरियल स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपतात. त्यामुळे शनिवारी संघ हरला की ‘कोचला घालवा’ हा विषय राज्यभर निघतो. त्यातला मापदंड बहुतेक वेळा एकच असतो: टॉम ऑस्बोर्न. 1973 ते 1997 अशी 25 वर्षं कोच, 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी, तीन राष्ट्रीय विजेतेपदं.

पण ऑस्बोर्नलाही हे चुकलं नव्हतं. पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाविरुद्ध एकही विजय नाही. तो मिळाला 1978 मध्ये, 17-14. पुढे 1988 ते 1994 या काळात लागोपाठ सात बोल सामने (मोसमाअखेरचे निमंत्रणाचे सामने) हरले. ‘हा मोठे सामने जिंकत नाही’ ही तक्रार तेव्हाचीच.

त्याचा सर्वांत गाजलेला निर्णयही पराभवातलाच. 2 जानेवारी 1984, ऑरेंज बोल. मायामीविरुद्ध 48 सेकंद उरले असताना नेब्रास्काने टचडाउन केला (चेंडू विरोधी टोकाच्या पट्ट्यात नेला, सहा गुण), मायामी 31, नेब्रास्का 30. एका गुणाची साधी किक मारली असती तर बरोबरी. तेव्हा ओव्हरटाइम नव्हताच, बरोबरीवरच सामना संपायचा, आणि अपराजित नेब्रास्काला पत्रकार आणि कोचांच्या मतदानाने राष्ट्रीय विजेतेपद जवळपास नक्की मिळालं असतं. ऑस्बोर्नने किकऐवजी चेंडू पुन्हा पट्ट्यात नेऊन दोन गुण मिळवायचा प्रयत्न केला. क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) टर्नर गिलचा पास बचावपटूच्या हाताला लागून उडाला आणि सगळं संपलं. तरी या निर्णयासाठी त्याला आजही मान मिळतो: निर्णय उघड होता, कारण स्पष्ट होतं.

बिनसलं ते त्याच्यानंतर. फ्रँक सोलिचच्या संघाने 2001 च्या मोसमाअखेर विजेतेपदाचा सामना खेळला, मायामीकडून 37-14 ने हरला. 2002 मध्ये सात विजय, सात पराभव. 2003 मध्ये नऊ विजय, तीन पराभव, आणि कोलोरॅडोला हरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी क्रीडासंचालकांनी त्याला काढलं. पुढच्या वर्षी बिल कॅलाहनच्या संघाचे पाच विजय, सहा पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त असा मोसम 1961 नंतर पहिलाच. बो पेलिनीने 2008 ते 2014 दरवर्षी नऊ-दहा सामने जिंकले आणि तीन-चार गमावले. त्यातले काही लाजिरवाणे: 2012 मध्ये विस्कॉन्सिनकडून 70-31, 2014 मध्ये त्यांच्याकडूनच 59-24, चेंडू घेऊन धावणाऱ्या एकाच खेळाडूला 408 यार्ड देऊन. त्यालाही नऊ विजयांवर घरी पाठवलं. नंतरच्या माइक रायलीचा हिशेब 19 विजय, 19 पराभव.

यात एक गोष्ट हमखास सुटते. ऑस्बोर्नच्या सुरुवातीच्या काळात शिष्यवृत्तीवरचे 105 खेळाडू ठेवता येत. ही मर्यादा 1978 पासून 95 झाली आणि 1994 पर्यंत 85 वर आली. शिष्यवृत्तीशिवाय येणाऱ्या स्थानिक पोरांना तयार करणं ही नेब्रास्काची खरी ताकद होती. कोच बदलला की खेळाची पद्धत बदलते, आणि अशा पोरांच्या मेहनतीची तीन-चार वर्षं वाया जातात. माझ्या मते नेब्रास्काचं नुकसान एखाद्या कोचपेक्षा या अदलाबदलीने जास्त केलं.

म्हणजे कोच निर्दोष असतो असं नाही. कुठली चाल खेळायची ते बहुतेक संघांत आक्रमणाचा कोऑर्डिनेटर (हेड कोचच्या हाताखालचा सहायक) सांगतो आणि क्वार्टरबॅक ती चेंडू खेळात येण्याआधी बदलूही शकतो. म्हणून ‘तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) धावलेच का’ ही ओरड अनेकदा चुकीच्या माणसावर जाते. चाल बरोबर असते, पुढची फळी ढासळलेली असते. ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम आखूड मारलेली), चौथ्या डाउनचा निर्णय, टाइमआउट यांना मात्र हेड कोचच जबाबदार.

27 ऑगस्ट 2022, डब्लिन. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 अशी आघाडी, तिसरा क्वार्टर. तेव्हाचा कोच स्कॉट फ्रॉस्टने अचानक ऑनसाइड किक मारायला लावली. चेंडू दहा यार्ड गेला की तो आपल्याला उचलता येतो. प्रतिस्पर्ध्याने उचलला तर त्याला मैदानाच्या मध्याजवळून सुरुवात मिळते. नेहमीची लांब किक त्याला पार मागे ढकलते. अकरा गुणांनी पुढे असताना हा जुगार कशाला? नॉर्थवेस्टर्नने चेंडू घेतला, टचडाउन केला आणि शेवटी 31-28 ने जिंकले. चूक आपलीच, हे फ्रॉस्टने नंतर मान्य केलं. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने 642 यार्ड काढले आणि 45-42 ने जिंकले. घरच्या मैदानावर 35 किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का त्याआधी 214 पैकी 214 सामने जिंकला होता.

दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला काढलं. आता वाद वेगळ्याच तारखेवर सुरू झाला. करार मोडल्याची भरपाई 1 ऑक्टोबरला दीड कोटी डॉलरवरून 75 लाखांवर येणार होती. विद्यापीठाने तीन आठवडेही कळ काढली नाही.

नवा कोच मॅट रूल 8 वर्षांच्या, 7.4 कोटी डॉलरच्या करारावर आला. एवढी रक्कम अडकली की हेड कोचला हात लावणं अवघड, मग नजर कोऑर्डिनेटरकडे वळते. नोव्हेंबर 2024 मध्ये मोसम चालू असतानाच चाली ठरवण्याचं काम मार्कस सॅटरफील्डकडून काढून डेना होल्गरसनला दिलं गेलं. आधी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून (यूएससी) 28-20 अशी हार, मग विस्कॉन्सिनवर 44-25 असा विजय. त्या विजयाने 2016 नंतरचा पहिला बोल सामना पक्का झाला.