एजॅक्स

ब्राउझरमध्ये उघडलेले पान तसेच ठेवून, त्यातल्या स्क्रिप्टने (ब्राउझर चालवतो त्या जावास्क्रिप्ट भाषेतल्या छोट्या प्रोग्रामने) सर्व्हरकडून हवी तेवढीच माहिती मागवण्याची आणि पानाचा तेवढाच तुकडा बदलण्याची पद्धत. 'असिंक्रोनस जावास्क्रिप्ट अँड एक्सएमएल' याचे हे लघुरूप जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये एका लेखात रूढ केले. तंत्र मात्र त्याआधीचे. ते मायक्रोसॉफ्टमध्ये आउटलुकची वेब आवृत्ती घडवताना जन्मले आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर बाहेर आले. जीमेल (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) यांमुळे ते सर्वांच्या नजरेत भरले. नावातले एक्सएमएल, म्हणजे माहिती खुणांमध्ये बांधून मांडण्याची पद्धत, आता नावापुरतेच उरले आहे. देवघेव बहुधा जेसन (JSON) या सुटसुटीत मांडणीत चालते. विनंती पाठवण्याच्या 'एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट' या जुन्या साधनाला २०१५ पासून ब्राउझरांत 'फेच' हा पर्याय आला.

इंदुरातल्या एखाद्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर गणेशोत्सवाचे कार्यक्रम शोधायचे आहेत, असे समजू. शोधपट्टीत 'राजवाडा' लिहू लागताच स्क्रिप्ट विनंती पाठवते आणि उत्तराची वाट पाहत अडून बसत नाही. लिहिणे, पान वरखाली करणे चालूच राहते. 'असिंक्रोनस'चा अर्थ एवढाच. पण यातच एक खोच आहे. 'रा'साठीची विनंती आधी गेली, तरी तिचे उत्तर 'राजवाडा'च्या उत्तरानंतर येऊ शकते आणि बरोबर यादीवर जुनी यादी येऊन बसते. म्हणून नवी विनंती पाठवताना जुनी रद्द करतात. शिवाय प्रत्येक अक्षराला सर्व्हर गाठण्यापेक्षा बोटे क्षणभर थांबेपर्यंत धीर धरलेला बरा.

देवनागरी मजकुराचे ओझे वेगळे. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत 'इंदूर' हा शब्द ५ संकेतांचा (इ, अनुस्वार, द, ऊकार, र), प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १५ बाइटांचा होतो. विनंतीच्या पत्त्यात घालताना प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होऊन तो ४५ चिन्हांपर्यंत पसरतो. हे रूपांतर जावास्क्रिप्टच्या तयार फंक्शनवर सोपवता येते. पुढची अडचण फंक्शनने सुटत नाही: घरात 'इंदूर' म्हणणारे पाटीवर 'इंदौर' वाचतात, आणि सर्व्हरच्या लेखी ते दोन निराळे शब्द. दोन्ही रूपे एकमेकांशी जोडलेली नसतील तर रिकामी यादी परत येते, तीही २०० या यशाच्या संकेतासह! २०० म्हणजे विनंती रीतसर पार पडली. हवे ते सापडले असे नव्हे. उलट ४०४ (मागितलेले सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) आले तरी 'फेच' स्वतःहून त्रुटी फेकत नाही, त्यामुळे स्थितिसंकेत तपासावाच लागतो.

एका संकेतस्थळावरच्या स्क्रिप्टला दुसऱ्याचे उत्तर एरवी वाचता येत नाही. त्या दुसऱ्या सर्व्हरने उत्तराच्या शीर्षभागात तशी परवानगी लिहिली असेल, तरच ब्राउझर ते तिच्या हाती देतो.