खाऊच्या डबीतलं भूत

चार-पाच इंच उंचीची एक आकृती. डोकं भोपळ्याचं, अंग माणसाचं, पाय काडीसारखे. तोंड वाकडं, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा मोठा. डोकं हलक्या हाताने वर ओढलं की निघून येतं आणि आत पुठ्ठ्याची नळी दिसते. या नळीत लहान मुलांसाठी गोळ्या भरत. तळाशी पुसट शिक्का असतो, ‘जर्मनी’. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दुकानात ही वस्तू काही सेंटांना मिळायची आणि गोळ्या संपल्या की केराच्या टोपलीत जायची. आज ती लिलावात आली तर शेकडो डॉलरना विकली जाते. हाताने भुताळ्या बाहुल्या घडवणारे कलाकार तिचा फोटो समोर ठेवून तिच्या तोंडाचा नेमका तो वाकडेपणा गिरवत बसतात.

गंमत अशी, की ज्यांनी ती बनवली त्यांच्या गावात हॅलोविन नावाचा भुताखेतांचा सणच नव्हता.

हे गाव म्हणजे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातलं सोनेबर्ग आणि त्याच्या आसपासची डोंगराळ खेडी. शेती बेताची, जंगल भरपूर, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची खेळणी करत. राईचं पीठ आणि सरस मळून त्याच्याही बाहुल्या व्हायच्या, पण त्या उंदरांना आवडायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागदाचा लगदा साच्यात दाबून आकृती काढायची रीत तिथे रुजली आणि धंद्याचं रूपच पालटलं. कोरीवकाम करणाऱ्याला एका बाहुलीला जितका वेळ लागे तितक्या वेळात साचेवाला डझनांनी मुंडकी काढू लागला.

काम घरोघरी वाटलेलं असे. एका घरात मुंडकी दाबायची, दुसऱ्यात हातपाय, तिसऱ्यात रंग, चौथ्यात कपडे. मधला व्यापारी नमुना आणि मागणी घेऊन यायचा, तयार माल उचलायचा आणि भावही तोच ठरवायचा. हंगामात लहान पोरांसकट अख्खं घर रात्री उशिरापर्यंत कामाला जुंपलेलं असे. एका बैठकीत शेकडो तोंडं रंगवायची म्हटल्यावर कुंचल्याचा फटकारा कधी इकडे जाणार, कधी तिकडे. आज ज्याला आपण ‘भेसूर हास्य’ म्हणतो ते बऱ्याचदा दमलेल्या हाताचं काम आहे. मला तरी ही बाहुल्यांच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते.

सोनेबर्गपासून थोड्याच अंतरावर लाउशा आहे. तिथे १५९७ साली काचेची भट्टी सुरू झाली. ख्रिसमसच्या झाडावर टांगायचे काचेचे गोळे १८४०च्या दशकात याच गावातून निघाले. पण बाहुल्यांच्या दृष्टीने लाउशाचं महत्त्व डोळ्यांमुळे. लुडविग म्युलर-उरी हा तिथला कारागीर बाहुल्यांचे काचेचे डोळे फुंकायचा. बुबुळाच्या बारीक रेषा इतक्या खऱ्या, की १८३५ साली त्याने माणसांसाठी कृत्रिम डोळे बनवायला सुरुवात केली. युद्धात किंवा अपघातात डोळा गमावलेल्या माणसाच्या खोबणीत बाहुलीवाल्याची कला जाऊन बसली. जुनी बाहुली आपल्याकडे बघते आहे असं वाटतं त्याचं कारण शोधायचं तर हा धागा हाती धरायला हरकत नाही.

सणाच्या आकृत्यांमध्ये सोनेबर्गच्या परिसराने आधी नाव काढलं ते ख्रिसमसच्या म्हाताऱ्यामुळे. हा आजचा गुबगुबीत, लाल कपड्यातला, हसरा सांताक्लॉज नव्हे. टोपडं डोक्यावरून ओढलेला, लांब झग्यात हात खुपसून ताठ उभा राहिलेला, कपाळाला आठ्या घातलेला हा माणूस. खांद्याला झाडाची एक फांदी, झग्यावर बर्फ म्हणून अभ्रकाची चमक. संग्राहक त्याला ‘बेल्सनिकल’ म्हणतात. हे नाव नैर्ऋत्य जर्मनीतून पेनसिल्व्हेनियात गेलेल्या लोकांनी सोबत नेलं. त्यांच्याकडे नाताळच्या आधी केसाळ कातड्यात गुंडाळलेला एक माणूस दारावर काठी आपटत यायचा, पोरांना वर्षभराच्या खोड्यांचा जाब विचारायचा, जमिनीवर अक्रोड-बदाम उधळायचा आणि वेचायला वाकणाऱ्या अधीर पोराच्या हातावर छडी द्यायचा. खाऊ आणि धाक एकाच हातातून. आल्प्सच्या भागात धाकाचं काम शिंगवाल्या, लांब जिभेच्या क्राम्पुसकडे होतं. ५ डिसेंबरच्या रात्री तो पाठीवर टोपली घेऊन फिरायचा, वाह्यात पोरांना उचलून न्यायला. सुके आलुबुखार तारेत ओवून केलेला क्राम्पुस ऑस्ट्रियातल्या नाताळच्या बाजारात विकायला असायचा. भूत करा आणि खाऊन टाका. तेव्हा नाताळ आणि भीती यांची जोडी कुणा आधुनिक कलाकाराने जमवलेली नाही. उलट अलीकडेच आपण ती फोडली.

पूर्वेकडच्या एर्झगेबिर्ग डोंगरातली गोष्ट थोडी वेगळी. झायफन गावच्या कथिलाच्या खाणी आटत गेल्या तसे खाणकामगार कातारी झाले. ओल्या लाकडाच्या ओंडक्यातून लेथवर एक गोल कडं कातायचं. कातताना त्यात काहीच ओळखू येत नाही, नुसते खाचखळगे. मग केकसारखे त्या कड्याचे उभे काप काढले की प्रत्येक काप घोडा किंवा गाय होऊन निघतो. प्राणी आतून कसा दिसणार हे कातारी फक्त अंदाजाने, हाताच्या सवयीने जाणतो. तोंडातून धुपाचा धूर सोडणारी लाकडी माणसं याच मुलखातली. अक्रोड फोडणारा दातवाला शिपाई आज ज्या रूपात ओळखला जातो ते रूप १८७०च्या सुमारास विल्हेल्म फ्युख्तनर या झायफनच्या कारागिराने पक्कं केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी हे शिपाई घरी पाठवले आणि तिकडे ते गोळा करायचं वेड लागलं.

त्याच्या बरंच आधी अमेरिकेची दारं उघडली होती. दुकानदार फ्रँक वुलवर्थने १८८०मध्ये जर्मन काचेचे दागिने जेमतेम २५ डॉलरचे घेतले, तेही नाखुशीने. दोन दिवसांत माल संपला आणि पुढे तो स्वतः खरेदीसाठी जर्मनीच्या वाऱ्या करू लागला. १८९०च्या आयातकर कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव छापणं सक्तीचं केलं. संग्राहक तळाचा शिक्का आधी का बघतात याचं मूळ इथे आहे. शिक्का असेल तर वस्तू साधारण १८९१ नंतर अमेरिकेत गेलेली, इतकं तरी नक्की.

आता हॅलोविन. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला, लाखो माणसं अमेरिकेला गेली. त्यांच्याबरोबर ३१ ऑक्टोबरच्या रात्रीच्या गोष्टी गेल्या. गावाकडे ते सलगम कोरून त्यात दिवा लावत. अमेरिकेत भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा तिथल्या मध्यमवर्गीय घरांतला पार्टीचा सण झाला होता, आणि पार्टी म्हटली की सजावट आली. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन कंपनीने १९०९ साली हॅलोविनच्या सजावटीची पुस्तिका काढली. क्रेप कागद कसा कापायचा, टेबल कसं मांडायचं, पोशाख कसा शिवायचा, सगळं त्यात असे, आणि कागद अर्थातच त्यांचा. पेनसिल्व्हेनियातल्या बाइसल कंपनीने १९२०च्या दशकात मधाच्या पोळ्यासारखा उघडणारा कागद वापरून भोपळे आणि मांजरी काढल्या.

खाऊच्या डब्यांची मागणी मात्र जर्मनीकडे गेली. अमेरिकी खरेदीदाराने चित्र दाखवलं असेल, वर्णन केलं असेल. चेटकीण तिथल्या कारागिरांच्या ओळखीची होती, काळं मांजरही. हसणारा भोपळा नवा. त्यांनी हाताशी असलेले साचे वापरले, वरती भोपळ्याचं डोकं बसवलं, कधी भोपळ्याऐवजी दुसरीच भाजी. पाहुण्याच्या सांगण्यावरून अनोळखी पदार्थ रांधावा तसं. तो नेमका जमला नाही, म्हणूनच इतका चवदार झाला. पुढे अमेरिकेत छापलेली हॅलोविनची चित्रं सफाईदार आहेत, पण या जर्मन भुतांसमोर ती मला मिळमिळीत वाटतात.

पहिल्या महायुद्धात जर्मन निर्यात अडली, नंतर परत सुरू झाली, दुसऱ्यात संपली. मधल्या जागेत जपानी माल शिरला. अंड्यांच्या ट्रेला वापरतात तशा लगद्याचे दाबीव भोपळे अमेरिकेतच निघू लागले. त्यांच्या डोळ्यांत आणि तोंडात पातळ रंगीत कागद चिकटवलेला असे आणि आत मेणबत्ती. पुढे काय होणार ते सांगायला नको. कागद जळायचा, कधी अख्खा भोपळा. म्हणून मूळ कागद शाबूत असलेल्या कंदिलाला संग्राहक जास्त पैसे मोजतो. १९५०नंतर प्लास्टिक आलं आणि लगद्याचा काळ सरला.

इथवरच्या कारागिरांपैकी कुणीच स्वतःला कलाकार म्हणवत नव्हतं. ‘कलाबाहुली’ ही कल्पना दुसऱ्याच वाटेने आली. १९०८ साली म्युनिकमध्ये मॅरियन काउलित्सने कारखान्यातल्या गुळगुळीत, एकछाप बाहुल्यांविरुद्ध हाताने रंगवलेल्या बाहुल्या मांडल्या. केथे क्रुझेची हकीकत त्याहून घरगुती. १९०५मध्ये तिने मुलीसाठी बाहुली आणायला शिल्पकार नवऱ्याला सांगितलं. बाजारातल्या बाहुल्या बघून त्याने कळवलं, विकत आणणार नाही, तूच कर. तिने टॉवेलमध्ये वाळू भरली, कोपऱ्यांना गाठी मारल्या आणि डोक्याच्या जागी बटाटा बांधला. पुढे याच बाईंच्या नावाचा कारखाना झाला. म्युनिकच्याच लोटे प्रित्सेलने मेणाच्या कृश, लांब बोटांच्या, जाळीदार कपड्यांतल्या बाहुल्या केल्या. त्या मुलांसाठी नव्हत्याच, काचेच्या कपाटासाठी होत्या. आजच्या भुताळी बाहुल्यांची थेट आजी शोधायची तर मी तिच्याकडे बोट दाखवीन. १९३०च्या दशकात हान्स बेल्मेरने सांधे उलटसुलट जोडलेल्या बाहुलीचे फोटो काढले. त्यातलं काही बघवत नाही, पण बाहुली हे मोठ्या माणसांचं, अस्वस्थ करणारं माध्यम होऊ शकतं हे त्यानंतर कुणाला पटवावं लागलं नाही.

अस्वस्थ का वाटतं, यावर जर्मन मानसोपचारतज्ज्ञ अर्न्स्ट येंच याने १९०६ सालीच लिहिलं होतं. समोरची वस्तू सजीव की निर्जीव याचा मनाला निकाल लागत नाही, तिथे भय उपजतं. १९७० साली जपानी अभियंता मासाहिरो मोरी यांनी यंत्रमानवांच्या संदर्भात तेच वेगळ्या शब्दांत मांडलं, की माणसासारखं दिसता दिसता एका टप्प्यावर आवड एकदम घसरून किळस येते. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या संग्रहालयात ‘रॉबर्ट’ नावाची खलाशी पोशाखातली बाहुली आहे. जर्मनीच्या श्टाइफ कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बनवली, बहुधा दुकानाच्या खिडकीत मांडायला. भीती घालायचा कुणाचाच हेतू नव्हता. तोंडावरचा रंग झिजला, नाक-डोळे पुसट झाले, गोष्टी चिकटल्या, आणि आता लोक तिला माफीची पत्रं पाठवतात.

मधल्या काळात घरबसल्या बाहुली करणाऱ्याचं नशीब एका पदार्थाने बदललं. पॉलिमर क्ले. हा प्लास्टिकचाच प्रकार, पण चिकणमातीसारखा मळता येतो आणि साध्या ओव्हनमध्ये ११० ते १३० अंशांवर टणक होतो, भट्टी लागत नाही. फिमो या अशाच क्लेच्या नावातला ‘फि’ केथे क्रुझेची मुलगी फिफी हिचा. १९६४ साली तिचं मिश्रण एबरहार्ड फाबर कंपनीने घेतलं. अमेरिकेत स्कल्पी नावाची क्ले आली ती ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी केलेल्या मिश्रणातून. त्या कामाला ती उपयोगी पडली नाही. १९६३मध्ये अमेरिकी बाहुली-कलाकारांची संस्थाही उभी राहिली. न्यू हॅम्पशायरमध्ये ॲनाली थॉर्नडाइकने नवऱ्याचा कोंबड्यांचा धंदा बसल्यावर फेल्टच्या (दाबून केलेल्या जाड कापडाच्या), आत तार असलेल्या बाहुल्यांवर घर चालवलं. नाताळपासून हॅलोविनपर्यंत प्रत्येक सणाच्या तिच्या बाहुल्या लोक वर्षावर्षाच्या क्रमाने लावतात.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या आजच्या कलाकाराच्या टेबलावर. तारेचा सांगाडा, डोक्याच्या जागी चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा, वर क्लेचा पातळ थर. आधी काचेचे डोळे दाबून बसवायचे, मग पापण्या, कारण सगळा भाव पापणीच्या जाडीवर ठरतो. चेहरा भाजून, रंगवून झाला की खरं काम सुरू होतं, ते म्हणजे बिघडवण्याचं. तपकिरी रंग सुरकुत्यांत भरून वरून पुसायचा, नाकाच्या शेंड्यावरचा रंग पॉलिश पेपरने उडवायचा, तडे जाणारं वॉर्निश लावायचं, कापड चहात उकळून कडा कुरतडायच्या. सोनेबर्गच्या पोराच्या दमलेल्या हाताने क्षणात जे केलं आणि पोटमाळ्यावरच्या दमट हवेने ऐंशी वर्षांत जे केलं, ते दोन्ही आठवड्याभरात उतरवायचं असतं. वाकडा डोळा मुद्दाम काढणं किती कठीण आहे ते करून बघणाऱ्यालाच कळतं. हात आपोआप सरळ करू पाहतो.

ही नक्कल इतकी साधली, की जुन्या साच्यांवरून काढलेला नवा माल जुना म्हणून विकला जाण्याची भीती उभी राहिली. अनुभवी संग्राहक अंधारात अतिनील दिवा धरतो. १९५०च्या सुमारापासून कागदात उजळपणासाठी घातलेली रसायनं त्याखाली निळसर पांढरी चमकतात; त्याआधीचा कागद मंद राहतो. आणि प्रामाणिक कलाकार आपली चेटकीण पालथी करून, जिथे ‘जर्मनी’चा शिक्का असता तिथे, स्वतःची सही आणि साल घालतो. काही जण तर क्ले भाजायच्या आधीच कोरून ठेवतात, म्हणजे पुढे कुणाला घासून काढता येऊ नये.