जुन्या जावा-येझदीचं इंजिन बांधताय? आधी ते एअर कुठून घेतंय ते बघा

जुनी टू स्ट्रोक जावा किंवा येझदी हातात आली की बहुतेक जण पहिला खर्च करतात तो रिबोअर (झिजलेला सिलेंडर आतून कापून मोठा करणं) आणि पिस्टनवर. गाडी ओढत नाही, धूर मारते, तापते, मग सिलेंडर काढून लेथवर, नवा पिस्टन, नव्या रिंगा, आणि थोडं चालवल्यावर तो नवाकोरा पिस्टनही पकडतो, म्हणजे तापून सिलेंडरमध्ये अडकतो. मग शिव्या खातो पिस्टनवाला नाहीतर लेथवाला. पण खरा दोष पुष्कळदा खाली असतो, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन बाजूंना बसवलेल्या दोन रबरी ऑइल सीलमध्ये, आणि हे नीट समजून घ्यायचं असेल तर हे इंजिन श्वास कसा घेतं ते आधी बघावं लागतं. (मी बोलतोय ते मैसूरला आयडियल जावाने 1961 ते 1996 या काळात बनवलेल्या 250 सीसी गाड्यांबद्दल. 2018 नंतर आलेल्या नव्या जावा फोर स्ट्रोक आहेत, त्यांचं शास्त्र वेगळं.)

फोर स्ट्रोकमध्ये खालचं चेंबर, जिथे क्रँक फिरतो, म्हणजे तेलाची जागा, तिथून थोडं गळलं तर फरशी घाण होते, इंजिन चालतच राहतं. टू स्ट्रोकमध्ये तेच चेंबर पंपाचं काम करतं. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा आत ओढली जाते, पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून (सिलेंडरच्या भिंतीतल्या वाटेतून) वर सिलेंडरमध्ये ढकललं जातं. 4000 आरपीएमला हे सेकंदाला सहासष्ट-सदुसष्ट वेळा होतं. म्हणजे चेंबर हवाबंद नसेल तर प्रत्येक फेरीत कुठून तरी फुकटची हवा आत येणार, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होणार, लीन मिश्रण जास्त तापणार, आणि त्या हवेसोबत टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू स्ट्रोकचं तेल) तर येत नाहीच. तापमान वाढलं आणि तेल कमी झालं की पिस्टन पकडणारच, मग तो कितीही चांगल्या कंपनीचा असू दे.

आता सील कुठली गेलीय ते गाडी स्वतःच सांगते. उजव्या बाजूला डायनॅमो असतो, ती बाजू कोरडी, तिथली सील गेली की इंजिन बाहेरची हवा घेतं: आयडलिंग एका जागी थांबत नाही, अॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम वरच लटकून राहतात, प्लग काढला तर पांढराफटक. डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच, तिथे गिअर ऑइल असतं, ती सील गेली की इंजिन ते तेल पिऊ लागतं, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येतो, प्लग काळा ओला होतो आणि गिअरबॉक्सची लेव्हल खाली जाते पण जमिनीवर मात्र एक थेंब दिसत नाही. धूर बघून लगेच रिंगा गेल्या म्हणू नका, आधी गिअर ऑइल मोजा.

अंदाजापेक्षा प्रेशर टेस्ट केव्हाही चांगली, आणि ती घरी होते. पिस्टन पूर्ण खाली आणायचा म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि चेंबर-सिलेंडर एकत्र तपासले जातात. दोन्ही एक्झॉस्ट बंद करायचे (सिलेंडर एकच पण सायलेन्सर दोन, त्यामुळे दुसरं भोक विसरू नका), कार्ब्युरेटर काढून तिथेही जुन्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी आवळायची, आणि प्लगच्या भोकात नळी बसवून हवा भरायची. यासाठी ब्लड प्रेशर मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा झकास चालतो, काटा 250 पर्यंत (पाऱ्याच्या मिमीत) नेला की साधारण 5 पीएसआय होतात, त्याहून जास्त दाब देऊ नका नाहीतर चांगली सीलही बाहेर येईल. मिनिटाभरात काटा 50 पेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. मग डायनॅमो काढून सीलवर, बेस गॅसकेटवर (सिलेंडर आणि चेंबरमधल्या पट्टीवर), चेंबरच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, फुगे दिसतील. डाव्या बाजूचे फुगे दिसत नाहीत, तिथे गिअर ऑइल भरायचा नट काढून कान लावायचा, बुडबुड आवाज स्पष्ट ऐकू येतो.

वीस-पंचवीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीत ही टेस्टसुद्धा करत बसू नका, सील बदलाच. रबर मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात, सीलची कड कडक होते आणि क्रँकवर घट्ट बसत नाही. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला फुगवतं, म्हणून व्हायटॉनच्या (पेट्रोल-तेल सोसणाऱ्या खास रबराच्या) सील मिळाल्या तर त्याच घ्या. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे त्याच जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मिश्रण आपोआप सात-आठ टक्के लीन होतं, मेन जेट एक-दोन नंबर मोठा लागतो. आणि पिस्टन पकडेल या भीतीने काही जण ऑइल दुप्पट घालतात, तर त्याने उलटंच होतं, जेटमधून जाणाऱ्या त्याच धारेत ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल कमी झालं, म्हणजे अजून लीन. लिटरला 30 ते 40 मिली चांगलं टूटी ऑइल बास.

चेंबर उघडताना दोन अर्ध्यांच्या मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणाऱ्याच्या हातात इंजिन देऊच नका, तिथे पडलेला ओरखडा म्हणजे कायमची एअर लीक. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून चेंबर 80 ते 100 अंशांपर्यंत गरम केलं की बेअरिंग जवळजवळ आपल्या वजनाने खाली पडतं, हातोडा लागत नाही. नवीन बेअरिंग C3 शिक्का असलेलं घ्यायचं, त्यात गरम झाल्यावर फुगायला जागा ठेवलेली असते. कनेक्टिंग रॉड किट टाकलं तर क्रँक सेंटरमध्ये धरून डायल गेजने ट्रू (सरळ फिरेल असा) करून घ्या, आउट म्हणजे वाकडेपणा 0.03 मिमीच्या आत हवा. क्रँक थरथरला तर सीलची कड त्याच्याबरोबर हलते आणि नवीन सील पुन्हा जाते.

एवढं झाल्यावर मग बोअर. इथेही फुगण्याचाच हिशोब आहे: 65 मिमीचा पिस्टन दर 100 अंशाला साधारण 0.14 मिमी फुगतो आणि बीडाचा सिलेंडर त्याच्या निम्मा, म्हणून पिस्टन आधी विकत घ्या, तो लेथवाल्याला द्या, आणि पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला क्लिअरन्स ठेवायला सांगा. रिंगच्या टोकांमधली फट पाव मिमीच्या आसपास असावी, फिलर गेजने सिलेंडरमध्ये घालूनच मोजायची. आणि रिबोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात त्या कानसने हलक्या मोडून घ्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. हे काम लेथवर कोणी आपणहून करत नाही, सांगावं लागतं.

कार्ब्युरेटरचा फ्लँज काचेवर ठेवून बघा. वर्षानुवर्षं नट जोरात आवळल्याने तो मधे उचललेला असतो आणि तिथूनही एअर घेतो, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासला की सपाट होतो.

चालवताना एक गोष्ट घाट उतरताना लक्षात ठेवा. या इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच, म्हणजे वेगात गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून ताम्हिणी किंवा खंबाटकी उतरलात तर इंजिन जोरात फिरतंय आणि तेल जवळजवळ शून्य. दर थोड्या वेळाने अॅक्सिलरेटर जरा उघडायचा. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवा, प्लग काढून आत दोन चमचे टूटी ऑइल, चार-पाच हलक्या किका, दोन्ही सायलेन्सरच्या तोंडात कापडाचे बोळे. पुन्हा चालू करताना बोळे काढा आणि प्लग बाहेर ठेवूनच आधी किका मारा, साचलेलं तेल भोकातून उडून जाऊ द्या, मग प्लग लावा.